मर्सेड नदीची दरी कोणी कोरली?

कॅलिफोर्नियातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात सिएरा नेवाडा पर्वतावरून उतरणारी मर्सेड नदी एका विलक्षण दरीतून वाहते. दरीचा तळ जवळजवळ सपाट. रुंदी सरासरी किलोमीटरभर. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे सरळसोट कडे, त्यांतला एल कॅपिटन तर तळापासून सुमारे ९०० मीटर उंच. नदी मात्र बेताची, संथपणे वळणे घेत जाणारी. एवढ्याशा नदीने एवढी दरी कशी कोरली?

कॅलिफोर्नियाचे शासकीय भूवैज्ञानिक जोसाया व्हिटनी यांचे १८६०च्या दशकातील उत्तर असे : दरी कोरली गेलीच नाही, जमीन खचून तळ खाली गेला. हे उत्तर वेडगळ नव्हते. नदीने कोरलेली दरी ‘व्ही’ आकाराची असते. येथे तर कडे उभे आणि तळ सपाट. गंमत अशी, की व्हिटनींचेच सहकारी क्लॅरेन्स किंग यांना दरीत हिमनदीच्या खुणा दिसल्या होत्या आणि १८६५च्या अहवालात त्या छापल्याही गेल्या होत्या. पुढे व्हिटनींनी त्या साफ नाकारल्या.

१८६८ साली जॉन म्यूर तेथे आले. विद्यापीठ पदवीविना सोडलेला हा तरुण मेंढ्या राखी, लाकडाच्या गिरणीत काम करी आणि उरलेल्या वेळात डोंगर पालथे घाली. गुळगुळीत झालेला ग्रॅनाइट आणि त्यावरचे समांतर ओरखडे त्यांनी जागोजाग पाहिले. ब्रायडलव्हेल धबधबा सुमारे १९० मीटर खाली उडी घेतो, कारण त्याची दरी मुख्य दरीच्या वर लोंबती राहिली आहे. मोठ्या हिमनदीने आपला तळ झपाट्याने खोल केला. उपनदीला ते जमले नाही.

ऑक्टोबर १८७१मध्ये मर्सेडच्या उगमाकडील शिखरांत म्यूरना एका ओढ्याचे पाणी राखाडी, गढूळ दिसले. पावसाचा पत्ता नाही, मग हा गाळ कुठला? बर्फाखाली खडक दळला जातो तेव्हाच इतके बारीक पीठ निघते. ओढ्याच्या काठाने ते वर चढत गेले आणि एका जिवंत हिमनदीपाशी पोचले. १८७२मध्ये शेजारच्या खोऱ्यातील मक्ल्यूर हिमनदीत त्यांनी खुंट ठोकले. ४६ दिवसांत सर्वांत वेगवान खुंट सुमारे १.२ मीटर सरकला होता.

मेंढपाळाने पंडिताला हरवले, अशी ही गोष्ट सांगितली जाते. ती निम्मीच खरी. म्यूरनी सगळे श्रेय बर्फाला देऊन टाकले. १९३० साली फ्रांस्वा मॅथेस यांनी प्रदीर्घ अभ्यासानंतर दाखवले, की पर्वत उचलला जात असताना आधी नदीनेच खोल दरी कोरली होती. हिमनद्यांनी नंतर ती रुंद आणि आणखी खोल केली. कोणता कडा टिकला आणि कोणता ढासळला, हे बरेचसे ग्रॅनाइटमधील भेगांनी ठरवले. शेवटच्या हिमयुगातील हिमनदी तर ब्रायडलव्हेलच्या आसपासच थांबली होती.

सपाट तळाचे काय? १९३०च्या दशकात कृत्रिम भूकंपलहरी सोडून खडकाची खोली मोजली गेली. आजच्या कुरणांखाली काही ठिकाणी सुमारे ६०० मीटर गाळ निघाला! व्हिटनींना खचल्यासारखा वाटलेला तळ हा खडक नव्हताच, ती भर होती.

म्यूरना १८७१ साली सापडलेली हिमनदी आता वितळून गेली आहे. मक्ल्यूर बरीच आक्रसली आहे. मात्र २०१३ साली जाहीर झालेल्या मोजणीत तिचा वेग म्यूरच्या वेळेइतकाच भरला : दिवसाला सुमारे अडीच सेंटिमीटर.