तुंबलेल्या नालीची जबाबदारी : चिखलदरा आणि वऱ्हाडातील मैलानिस्सारणाचा इतिहास

घरातली नाली तुंबली की ती कोणी मोकळी करायची, याचे उत्तर वरवर पाहता साधे वाटते. प्रत्यक्षात ते त्या त्या काळातील पाण्याची उपलब्धता, जमिनीचा पोत, जातिव्यवस्था आणि कायदा यांनी मिळून ठरविलेले असते. मुंबई-पुण्याच्या इतिहासात हा विषय भूमिगत गटारांच्या अनुषंगाने येतो. वऱ्हाडात भूमिगत गटारे फार उशिरा आली आणि बहुतेक लहान गावांत ती आजही नाहीत, त्यामुळे घरमालक, सफाई कामगार आणि नगरपालिका यांच्यातील जबाबदारीची वाटणी येथे निराळ्या क्रमाने घडली. सातपुड्यातील चिखलदरा आणि खालच्या मैदानावरील अचलपूर, अमरावती व अकोला ही गावे एकत्र अभ्यासली, तर असे दिसते की प्रत्येक सुधारणेने तुंबलेल्या मैल्याची जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात सोपविली, परंतु तो मैला अखेर कोठे जातो याचे उत्तरदायित्व दीर्घकाळ कोणावरच ठेवले नाही.

चिखलदऱ्याचा अर्वाचीन इतिहास गाविलगडाच्या छायेत सुरू होतो. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या सैन्याने हा किल्ला जिंकला आणि पुढे १८२३ मध्ये हैदराबाद रेजिमेंटच्या कॅप्टन रॉबिन्सन यांनी जवळचे पठार थंड हवेचे ठिकाण म्हणून निवडले. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आल्यावर वैशाखातील उन्हाळा टाळण्यासाठी अधिकारी व त्यांची कुटुंबे परतवाड्याहून घाट चढून येथे राहू लागली. या वसाहतीत बंगले एकमेकांपासून दूर होते, वस्ती हंगामी होती आणि शौचालये कोरडी होती. म्हणजे मैला पाण्याने वाहून न जाता भांड्यात साठे आणि सफाई कामगार तो रोज उचलून वस्तीबाहेर खड्ड्यात पुरत. इंग्रजी अमदानीत या पद्धतीला ‘कॉन्झर्व्हन्सी’ म्हणत. तिच्यात नळ नव्हता, नाली नव्हती, म्हणून तुंबणेही नव्हते. तक्रार होई ती एवढीच, की आज माणूस आला नाही.

खालच्या मैदानावरील नगरांत हीच पद्धत अधिक दाट वस्तीत राबविली गेली. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या स्थानिक स्वराज्यविषयक ठरावानंतर वऱ्हाडसाठी १८८६ मध्ये स्वतंत्र नगरपालिका कायदा झाला आणि रस्ते, दिवे, पाणी व सफाई ही कामे लोकनियुक्त सभासद असलेल्या नगरपालिकांकडे आली. घरांच्या मागून सफाईसाठी अरुंद बोळ ठेवण्यात आले, त्यांतून मैल्याच्या बादल्या व गाड्या जात. सांडपाण्यासाठी रस्त्याच्या कडेने उघड्या नाल्या बांधण्यात आल्या. मैल्याचे काम करण्यासाठी उत्तर भारतातून वाल्मीकी व सुदर्शन समाजातील कुटुंबे विदर्भातील गावांत येऊन स्थायिक झाली. या व्यवस्थेत नगरपालिकेचे कर्तव्य आणि एका जातीचे श्रम इतके एकरूप झाले होते, की सफाईची हमी ही संस्थेची हमी नसून माणसांच्या पिढीजात असाहाय्यतेची हमी होती. घरमालक मुकादमाकडे, म्हणजे सफाई कामगारांच्या टोळीवर देखरेख करणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, तक्रार करी आणि मुकादम ती कामगारावर ढकली. अभियंत्याचा त्यात संबंधच येत नसे.

पाण्याने मैला वाहून नेणारी पद्धत वऱ्हाडात लवकर का रुजली नाही, याचे कारण केवळ पैशांत शोधता येत नाही. भूमिगत गटार स्वतःला स्वच्छ ठेवते ते पाण्याच्या वेगाने. सेकंदाला सुमारे ०.६ मीटर वेग मिळाला नाही, तर घन भाग तळाशी बसतो आणि नळ हळूहळू बुजतो. म्हणूनच केंद्र शासनाच्या पाणीपुरवठाविषयक मानकांत भुयारी गटार नसलेल्या नगरासाठी माणशी रोज ७० लिटर, तर गटार असलेल्या किंवा योजिलेल्या नगरासाठी १३५ लिटर पाणी धरले जाते. म्हणजे गटार बांधण्यापूर्वी पाणी जवळपास दुप्पट करावे लागते. वऱ्हाडात पावसाळ्यानंतर नद्या-नाले आटतात, आणि चिखलदऱ्यावर तर भरपूर पाऊस पडूनही डोंगरमाथ्याचे पाणी उतारांवरून निघून जाते. त्यामुळे उन्हाळ्यात, नेमके पर्यटक वाढतात तेव्हा, टंचाई जाणवते.

या अडचणीतून मार्ग काढला तो सेप्टिक टाकीने. १८९५ मध्ये इंग्लंडमधील एक्झेटर येथे डोनाल्ड कॅमेरॉन यांनी या नावाने जी रचना प्रचारात आणली, तिच्यात मैला बंद टाकीत काही काळ थांबतो. जड भाग खाली गाळ म्हणून बसतो, स्निग्ध भाग वर साय धरतो, हवेविना जगणारे जीवाणू गाळाचे अंशतः विघटन करतात आणि मधले पाणी शोषखड्ड्याकडे, म्हणजे जमिनीत मुरविण्यासाठी केलेल्या खड्ड्याकडे जाते. गाळ कमी होतो, पण नाहीसा होत नाही. दोन-तीन वर्षांनी टाकी उपसावीच लागते. स्वातंत्र्योत्तर काळात वऱ्हाडातील घरांनी ही टाकी स्वीकारली आणि रोज येणाऱ्या कामगाराची गरज संपली. परंतु याच क्षणी जबाबदारीही हलली. कोरड्या संडासाची सफाई ही नगरपालिकेची दैनंदिन सेवा होती, तर टाकी ही घरमालकाची खाजगी मालमत्ता ठरली, जिची आठवण ती भरून नाली उलटी वाहू लागेपर्यंत सहसा होत नसे.

जमिनीनेही या तंत्राची पुरती साथ दिली नाही. अमरावती-अकोल्याची काळी कपाशीची माती ओली झाली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे जमिनीतील नळांचे सांधे निखळतात, त्यांतून माती व मुळे आत शिरतात, आणि पावसाळ्यात फुगलेल्या मातीत शोषखड्डा पाणी शोषत नाही. चिखलदऱ्यावर मातीचा थर पातळ असून खाली बसाल्ट हा कठीण अग्निजन्य खडक आहे. येथे मुरण्याची क्रिया खडकाच्या भेगांवर अवलंबून असते, आणि भेग सापडली तर पाणी न गाळताच झऱ्याकडे जाण्याचा धोका असतो. वर्षभर चार माणसांच्या हिशेबाने बांधलेल्या टाकीवर सुट्ट्यांच्या दिवसांत पाहुण्यांच्या खोल्यांचा भार पडतो, तेव्हा गाळ स्थिरावण्यास वेळ मिळत नाही आणि तोच पुढे जाऊन शोषखड्डा बुजवितो.

कायद्याने या गुंत्यात हद्द आखण्याचा प्रयत्न केला. १९२२ चा मध्यप्रांत नगरपालिका कायदा वऱ्हाडालाही लागू झाला; १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आल्यानंतर १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम त्याच्या जागी आला. या अधिनियमाच्या कलम ४९ ने सार्वजनिक नाल्या व गटारे बांधणे, दुरुस्त ठेवणे आणि साफ करणे हे नगरपरिषदेचे बंधनकारक कर्तव्य ठरविले, तर इतर कलमांनी घराच्या आवारातील नळ व टाकी सुस्थितीत ठेवण्याचा भार मालकावर ठेवला आणि त्याने तो टाळल्यास नोटीस देण्याचा अधिकार नगरपरिषदेला दिला. व्यवहारात ही हद्द चेंबरवर येऊन थांबते. चेंबर म्हणजे नळाची तपासणी करण्यासाठी ठेवलेला झाकणबंद चौकोनी खड्डा. घराचे शेवटचे चेंबर भरलेले आणि रस्त्याचे रिकामे असेल, तर अडथळा मालकाच्या हद्दीत. रस्त्याचेही भरलेले असेल आणि शेजारच्या घरांचीही तीच अवस्था असेल, तर अडथळा सार्वजनिक गटारात, असा सोपा निकष स्वच्छता निरीक्षक वापरतात. जेथे सार्वजनिक गटारच नाही, तेथे मात्र हा निकष निरुपयोगी ठरतो, कारण सारा दोष आपोआप मालकाच्या अंगणात येऊन पडतो.

१९७६ च्या अधिनियमाने राज्यात पाणीपुरवठा व जलनिस्सारण मंडळ स्थापन झाले, जे १९९७ पासून महाराष्ट्र जीवन प्राधिकरण या नावाने ओळखले जाते. योजना या तांत्रिक संस्थेने आखून बांधावी आणि देखभाल नगरपालिकेने करावी, अशी विभागणी यातून रूढ झाली. अमरावतीत १५ ऑगस्ट १९८३ पासून महानगरपालिका असूनही शहराचा पाणीपुरवठा प्राधिकरणच चालविते, त्यामुळे तेथे पाण्याचे देयक एका कार्यालयाचे आणि तुंबलेल्या नालीची तक्रार दुसऱ्या कार्यालयाची, अशी स्थिती आहे. अमरावतीची भुयारी गटार योजना दीर्घकाळ रखडत राहिली. अकोल्यात २०१५ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘अमृत’ अभियानातून गटारांचे आणि शिलोडा येथील मलशुद्धीकरण केंद्राचे काम हाती घेण्यात आले. चिखलदऱ्यात गिरिस्थान नगरपरिषदेबरोबरच परिसराच्या नियोजनासाठी सिडको या राज्याच्या नगरविकास महामंडळाचीही नेमणूक झाली, म्हणजे लहानशा वस्तीत आखणारा आणि राखणारा पुन्हा वेगळा झाला.

या साऱ्या घडामोडींत प्रत्यक्ष मैल्यात उतरणारा माणूस कायद्याला फार उशिरा दिसला. याच अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेले गाडगे महाराज हाती खराटा घेऊन गावे झाडीत आणि मग कीर्तनाला उभे राहत. सफाई हे एका जातीचे नव्हे तर सर्वांचे काम आहे, हा विचार त्यांनी कृतीतून मांडला. शासनाची पावले मात्र संथ होती. १९४९ मध्ये सफाई कामगारांच्या स्थितीच्या चौकशीसाठी मुंबई प्रांताने नेमलेल्या बर्वे समितीच्या कक्षेत वऱ्हाड नव्हते. १९५७ च्या केंद्रीय मलकानी समितीने डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा बंद करण्याच्या शिफारशी केल्या. कोरड्या शौचालयांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा १९९३ मध्ये झाला आणि त्यासाठी विधिमंडळाचा ठराव करणाऱ्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. तोपर्यंत धोका टोपलीतून टाकीत उतरला होता, कारण बंद टाकीत साठणारा हायड्रोजन सल्फाइड वायू क्षणात बेशुद्ध करतो. २०१३ च्या अधिनियमाने संरक्षक साधनांशिवाय गटारात वा टाकीत माणूस उतरविण्यास कोणाही व्यक्तीला किंवा संस्थेला मनाई केली आणि पहिल्या गुन्ह्यासाठीही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंडाची तरतूद केली. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख रुपयांची भरपाई ठरविली आणि २०२३ मध्ये ती ३० लाखांवर नेली. बाजारातून मजूर बोलावून टाकी उपसून घेणारा घरमालकही यामुळे कायद्याच्या कक्षेत आला. नगरपरिषदेकडे अर्ज करून शोषक पंपाची गाडी मागविणे हा आता केवळ सोयीचा नव्हे, तर कायदेशीर मार्ग झाला.

तक्रारीलाही याच काळात हक्काचे रूप मिळू लागले. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांसाठी मुदत, जबाबदार अधिकारी आणि अपील ही चौकट दिली, तर २०२० मध्ये सुरू झालेल्या सफाईमित्र सुरक्षा आव्हानाबरोबर गटार व टाकीविषयक तक्रारींसाठी १४४२० हा क्रमांक जाहीर झाला. २०१७ च्या राष्ट्रीय मलगाळ धोरणाने आणखी एक पाऊल टाकले: टाकी तुंबण्याची वाट न पाहता ठरावीक वर्षांनी ती उपसावी आणि गाळ शुद्धीकरण केंद्रात न्यावा, असे सुचविले. महाराष्ट्रात वाई व सिन्नर येथे अशी नियतकालिक उपसणी करून पाहण्यात आली आहे.

चिखलदऱ्यासारख्या ठिकाणी या धोरणाचे महत्त्व मैदानापेक्षा अधिक आहे, कारण चंद्रभागा व सापन या नद्या याच डोंगरांतून उतरून अचलपूर-दर्यापूरच्या बाजूने पूर्णेला जातात आणि डोंगरावर उघड्यावर ओतलेला गाळ खालच्या गावांच्या वाट्याला येतो. आतापर्यंतच्या व्यवस्थेत घरातील पाणी पुन्हा वाहू लागले की तक्रार निकाली निघाली असे मानले गेले. कोरड्या संडासाच्या काळी बादली उचलली जाणे आणि टाकीच्या काळी गाडी निघून जाणे, यांचा हिशेब एकाच ठिकाणी थांबत होता. तक्रारवहीतील नोंद गाळ शुद्धीकरण केंद्रात पोहोचल्याच्या पावतीनेच बंद व्हावी, असा नियम नगरपरिषदांनी स्वीकारला, तर दोनशे वर्षे हातोहात सरकत आलेल्या या जबाबदारीला पहिल्यांदाच निश्चित धनी मिळेल.