अठरा आण्यांचा गुंठा

सांगली शहर मुळात एका वाटणीतून उभं राहिलं. मिरजेच्या पटवर्धनांच्या घरात चुलत्या-पुतण्यांचं बिनसलं आणि 1801 साली चिंतामणराव आप्पासाहेब घरातली गणपतीची मूर्ती घेऊन मिरजेतून बाहेर पडले, असं जुनी माणसं सांगत आली. कृष्णाकाठी येऊन त्यांनी गणेशदुर्ग बांधला, गणपतीचं देऊळ उभं केलं, व्यापाऱ्यांना बोलावून पेठ वसवली. आमचे आजोबा ही गोष्ट रंगवून सांगत. ते हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी होते, त्यामुळे भक्तीपेक्षा त्यांचं लक्ष हिशेबाकडे जास्त. गोष्ट संपता संपता ते हमखास म्हणायचे, "वाटणी व्हायचीच. घर वाढलं की ती होणार. वाटणीत रस्ता कुणाच्या अंगावर पडला, तेवढं विचारायचं."

हे वाक्य त्यांना का सुचत होतं, ते मला मोठेपणी कळलं. आमचं घर ज्या वसाहतीत आहे ती गुंठेवारीतली. म्हणजे शेताचे गुंठे पाडून स्टॅम्पवर विकलेली जागा. ना बिनशेतीचा (एनए) आदेश, ना मंजूर रेखांकन. सांगलीत अशा वसाहती इतक्या आहेत की 'तुमचं घर एनए की गुंठेवारी?' हा प्रश्न सोयरीक जुळवतानाही विचारला जातो.

गुंठा म्हणजे 33 फूट गुणिले 33 फूट, 1089 चौरस फूट. असे चाळीस गुंठे मिळून एकर होतो. जुन्या मोजणीची साखळी 33 फुटांचीच होती आणि तिचे सोळा भाग, त्यांना आणे म्हणत. गुंठ्याचेही सोळा आणे. आजोबांच्या पिढीला हे तोंडपाठ होतं. पैशातले आणे गेले तरी जमिनीतले आणे त्यांच्या बोलण्यातून गेले नाहीत, आणि पुढची सगळी हकिकत त्या आण्यांवरच उभी आहे.

लोकांनी स्टॅम्पवर जागा का घेतल्या, याचं उत्तर अण्णा, म्हणजे आमचे थोरले काका, तीन कायद्यांत देतात. पहिला 1947 चा तुकडेबंदीचा. शेताचे इतके बारीक तुकडे होऊ नयेत की त्यात नांगरही फिरणार नाही, हा त्याचा हेतू, आणि तो रास्तच होता. पण शहराच्या वेशीवरच्या शेतालाही तोच कायदा, त्यामुळे एक-दोन गुंठ्यांची खरेदी कायद्यात बसेना. दुसरा 1966 चा जमीन महसूल अधिनियम. शेतात घर बांधायचं तर तेव्हा कलम 44 खाली बिनशेती परवानगी हवी, तिच्यासाठी रेखांकन हवं, रस्ते, खुली जागा हवी. तो सगळा खर्च प्लॉटच्या किमतीत चढतो आणि हमाल, मास्तर, दिवाणजी यांच्या हाताबाहेर जातो. तिसरा 1976 चा नागरी कमाल जमीन धारणा कायदा. सांगली-मिरजेसारख्या शहरांत 2000 चौरस मीटरच्या वर, म्हणजे साधारण वीस गुंठ्यांच्या वर मोकळी जमीन ठेवता येत नव्हती. विकास आराखड्यात आपल्या रानावर पिवळा रंग चढला की शेतकऱ्याच्या पोटात गोळा यायचा: सरकार घेऊन जाण्याआधी विकून टाका. घेणारा घाईत, देणारा त्याहून घाईत, आणि दोघांच्याही मापाची वाट कुठल्याच कायद्यात नाही.

आमच्या वसाहतीचं रान एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं होतं. त्यांना सगळे आबा म्हणत. ऐंशी सालाच्या आसपास त्यांनी ते विकायला काढलं. काळंभोर रान, एका अंगाला उतार आणि उताराच्या तळाशी ओढा. प्लॉट पाडायला मोजणीदार नव्हता. आजोबांनी दुकानातली सुंभाची दोरी नेली, 33 फुटांवर गाठ मारली, आणि फक्की टाकून रेघा ओढायला सुरुवात केली. चैत्रातलं ऊन होतं, असं आजी सांगायची. रान इतकं भेगाळलेलं की फक्की वर दिसायच्या ऐवजी भेगांतच उतरायची, म्हणून शेवटी बाभळीच्या खुंट्या ठोकल्या.

रस्त्यावर अडलं. आबांचं म्हणणं बारा फूट पुरे, बैलगाडी निघाली की झालं. आजोबा म्हणाले, वीस सोडा.

"दिवाणजी, वीस फूट सोडल्यावर माझ्या रानात ऱ्हातंय काय?"

आबांचं चुकत नव्हतं. रस्त्याचे पैसे कुणी देत नाही. रस्ता विकणाऱ्याच्या अंगावर पडतो. आजोबांनी तिथेच मातीत काडीने हिशेब मांडला. जादा आठ फूट. समोरासमोर दोन प्लॉट, म्हणजे एका प्लॉटच्या वाट्याला चार फूट. चार गुणिले तेहतीस, 132 चौरस फूट. गुंठ्याच्या सोळा आण्यांतले साधारण दोन आणे. मग ते घेणाऱ्यांकडे वळले आणि म्हणाले, प्रत्येकाने अठरा आण्यांची किंमत द्यायची आणि सोळा आणे जागा घ्यायची. रस्ता आबांच्या अंगावर नको, सगळ्यांच्या अंगावर सारखा पडू दे.

यावर किती दिवस वाद चालला याचे घरात निरनिराळे आकडे आहेत. आजीने पाटल्या मोडल्या हे मात्र सगळे एकमुखाने सांगतात. दोन आणे जास्त द्यायला पैसे नव्हते म्हणून दोन कुटुंबं मागे फिरली आणि पलीकडच्या रानात, बारा फुटी बोळात, त्यांनी जागा घेतली. आज त्या बोळात रुग्णवाहिका शिरत नाही. आजारी माणसाला खुर्चीत बसवून कोपऱ्यापर्यंत उचलून आणतात. आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर वळतो. फरक त्या दोन आण्यांचा.

मला नगररचनेची पुस्तकं वाचताना धक्का बसला तो इथे. आजोबांनी काडीने जे केलं, ते मुंबई प्रांतात 1915 सालच्या नगररचना कायद्यापासून लिहिलेलं आहे. नगररचना योजना म्हणजे हेच: एका पट्ट्यातल्या सगळ्या मालकांच्या जमिनी एकत्र धरायच्या, रस्ता, शाळा, बाग यांच्यासाठी प्रत्येकाकडून सारख्या प्रमाणात जागा घ्यायची, आणि उरलेली नीट आकाराचे अंतिम खंड करून ज्याची त्याला परत द्यायची. कुणाचं सगळं रान रस्त्यात जात नाही आणि कुणाचं पूर्ण सुटतही नाही. पुण्याच्या भांबुर्ड्यात, म्हणजे आजच्या शिवाजीनगरात, अशी योजना झाली. 1960 साली राज्यं वेगळी झाली आणि गुजरातने ही पद्धत धरून ठेवली; अहमदाबादचा बराच विस्तार तिच्यातूनच झाला. महाराष्ट्राच्या 1966 च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमातही तिच्यासाठी अख्खं प्रकरण आहे. पण आपल्याकडे लहान शहरांनी आराखड्यावर आरक्षणाचे ठिपके मारण्यातच समाधान मानलं. ज्याच्या रानावर ठिपका, तो मेला. मग तो ठिपका पडण्याआधी रान विकतो, आणि घेणारा त्याच्यावर घर बांधतो. याला मी लोकांचा बेकायदेशीरपणा म्हणायला तयार नाही. लहान माणसाच्या मापाचा तुकडा कायदेशीर करून देण्याचं काम ज्यांचं होतं, त्यांनी ते केलं नाही.

आमच्या घराची हकिकत आजीच्या नावावर आहे. वडील आणि अण्णा यांचे शेजारी शेजारी एकेक गुंठा. गवंड्याने दोन स्वतंत्र घरं आखली, मध्ये तीन-तीन फूट सोडून. आजीने आखणी पुसायला लावली. "मधल्या सहा फुटांत काय करणार? तिथे उंदीर होतील आणि सुनांची भांडणं." तिने एकच सामाईक भिंत घालायला लावली, अलीकडे एक घर, पलीकडे एक. 33 फुटांच्या जागेत दोन्ही बाजूंनी तीन फूट सोडले तर 27 फूट घर मिळतं. भिंत जोडली की 30. त्या तीन फुटांत आमचं माजघर बसलं. भिंतीत पहिल्या दिवसापासून एक फळीचं दार होतं. ते कधी उघडायचं आणि कधी लावायचं हे आजी ठरवायची. अण्णांचं आणि वडिलांचं एकदा जोरात वाजलं तेव्हा दोन वर्षं त्या दाराला अण्णांच्या बाजूने कपाट टेकवलेलं होतं. भिंत मात्र दोघांनी मिळूनच रंगवली, आपापल्या बाजूने.

आज शहराबाहेर जाहिरातींच्या फलकांवर 'ट्विन बंगले' आणि 'रो-हाऊस' झळकतात, ते याच आखणीचे. डिसेंबर 2020 मध्ये लागू झालेल्या एकत्रित विकास नियमावलीत जोडघरांना आणि रांगेतल्या घरांना रीतसर जागा आहे. लहान प्लॉटवर माणसासारखं घर उभं करायचं तर भिंत जोडणं हाच शहाणपणा आहे. ज्या शहराला एक-दोन गुंठ्यांवर लोक राहणार हे माहीत आहे, त्याने त्या मापाची जोडघरं आधीच रेखांकनात आखून द्यायला हवीत.

मग 2001 चा गुंठेवारी कायदा आला. 1 जानेवारी 2001 पूर्वीचे तुकडे नियमित करायचे, त्यासाठी प्रशमन शुल्क आणि विकास आकार भरायचा. तेव्हा आजोबा थकले होते. त्यांनी पत्र्याच्या पेटीतून तो पिवळा पडलेला स्टॅम्प काढला, हातातल्या हातात उलटसुलट करून पाहिला, आणि अण्णांना म्हणाले, "आधी नकाशा मागा, मग पैसे भरा." नियमितीकरणाचा दाखला हातात आल्यावर वडिलांना पहिल्यांदा बँकेचं कर्ज मिळालं. सातबाऱ्यावर सामाईक नावं असलेल्या माणसाला कर्ज मिळणं म्हणजे काय, हे एनए प्लॉटवर वाढलेल्याला समजणार नाही. आम्ही त्या दिवशी पुरणपोळी केली होती.

पण आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो त्यावर येतो. ओढा.

आजोबांनी त्या चैत्रात ओढ्यासाठीही पट्टा मागितला होता. दोन्ही काठ धरून मोकळा सोडा, म्हणाले. त्यावर मात्र कुणी अर्धा आणासुद्धा द्यायला तयार झालं नाही. रस्ता रोज पायाखाली येणार होता, त्याची किंमत सगळ्यांना कळली. ओढा तेव्हा कोरडा ठणठणीत, त्यात पोरं गोट्या खेळत होती. आबांनी तोही विकला. पुढे घेणाऱ्यांनी भराव टाकला, गटाराएवढी फट ठेवली, आणि त्यावर फरशी घातली. असं शहरभर झालं. शामरावनगरच्या बाजूला पावसाळा उलटून गेला तरी काळ्या रानातलं पाणी हटत नाही, ते याच कारणाने.

सांगलीत पूर येतो तेव्हा कृष्णा काठ ओलांडून येते हे खरं, पण त्याआधी ती ओढ्या-नाल्यांतून उलटी शिरते. नदी चढली की ओढ्याचं पाणी नदीत जात नाही, नदीचं ओढ्यात येतं. ओढा मोकळा असेल तर ते जसं येतं तसं उतरतंही. बुजवलेला असेल तर घरांत साचून राहतं. 2005 ला ते आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलं. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी पातळी 57 फुटांवर गेली, आणि आमच्या माजघरातल्या सामाईक भिंतीवर छातीएवढी रेघ उमटली. नदी उतरल्यावर गावभाग मोकळा झाला तरी आमच्या खालच्या गल्लीत पाणी होतं.

गुंठेवारीची मुदत नंतर 31 डिसेंबर 2020 पर्यंत वाढवली गेली. 2023 मध्ये तुकड्याचं किमान माप बागायतीला 10 गुंठे आणि जिरायतीला 20 गुंठे असं ठरलं. 2025 च्या पावसाळी अधिवेशनात महसूलमंत्र्यांनी एक गुंठ्यापर्यंतचे तुकडे मोकळे करण्याची घोषणा केली. मला याचा आनंदच आहे. ज्याने पाटल्या मोडून जागा घेतली त्याला चोर म्हणवून घ्यावं लागू नये. मात्र या सगळ्या निर्णयांत मोजलं जातं ते क्षेत्र. किती गुंठे, कोणत्या तारखेच्या आधीचे, किती शुल्क. तुकडा लहान असल्याने कुणाचं घर बुडत नाही, ओढा बुजवल्याने बुडतं. नियमित करताना पहिल्यांदा जुना गावनकाशा काढावा, त्यावरचे ओढे जमिनीवर मोजून दाखवावेत, आणि मग दाखले द्यावेत. ओढ्यावर ज्याचं घर निघेल त्याला बाहेर काढून चालणार नाही; त्याने फसवणूक केलेली नाही, त्याला विकलं गेलं. त्याला बाकीच्यांनी मिळून जागा द्यायला हवी, आजोबांच्या त्या दोन आण्यांच्या हिशेबाने.

आमच्या गल्लीने गेल्या वर्षी वर्गणी काढून ओढ्याची खासगी मोजणी करून घेतली. जुन्या नकाशावरची ओढ्याची रेघ चार घरांखालून जाते. त्यातलं एक घर माझ्या चुलतभावाच्या मेहुण्याचं आहे, म्हणून बैठक आमच्याच माजघरात होते. चारपैकी दोघं मागची खोली सोडायला तयार आहेत, पण प्रत्येक घरामागे किती रुपये द्यायचे यावर अडलंय. एकाचं म्हणणं, वरच्या गल्लीनेही द्यावेत, पाणी तिकडूनच येतं. त्याचं बरोबर आहे. पुढच्या रविवारी वरच्या गल्लीतल्यांना बोलावलंय, आणि अण्णांनी जुनी खरेदीपत्रं झेरॉक्स करायला दिली आहेत.