आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांचे मानसिक आरोग्य

शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर त्याची पत्नी, मुले आणि आईवडील यांच्या वाट्याला येणारे दुःख इतर मृत्यूंच्या शोकाहून वेगळे असते. त्यात अपराधभाव, लाज आणि गेलेल्या माणसावरचा रागही मिसळलेला असतो. ‘माझ्या कसे लक्षात आले नाही?’ हा प्रश्न पत्नीची पाठ सोडत नाही. झोप उडते, छातीत धडधडते, अंग दुखते. दवाखान्यात उपचार होतात ते या दुखण्यांवर. मुलांशी तर बहुधा कोणी मोकळेपणाने बोलतच नाही. आत्महत्या घडलेल्या घरात इतरांनाही तोच धोका वाढतो, म्हणून हे मौन घातक ठरते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये महाराष्ट्रात शेतकरी व शेतमजूर मिळून ४,२४८ जणांनी आत्महत्या केली. विदर्भ आणि मराठवाड्यात शासकीय चौकशी याच शोकाच्या दिवसांत दारी येते. एक लाख रुपयांच्या मदतीसाठी (३० हजार रोख, ७० हजार ठेव) जमिनीची मालकी आणि थकलेले कर्ज कागदावर दाखवावे लागते. मग जिल्हा समिती प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरवते. ‘अपात्र’ या शेऱ्याने मदत तर जातेच, शिवाय मृत्यूचे कारण घरातच होते असा ठपका विधवेवर बसतो. ‘नवरा खाल्ला’ हे टोमणे आधीच असतात. सातबाऱ्यावर नाव लागेपर्यंत सासरी तिचे स्थानही डळमळीत राहते. त्यामुळे वारसनोंद हा मनाच्या उभारीचाही प्रश्न आहे.

समुपदेशन गावापर्यंत पोहोचले तर लोक ते घेतात. अमरावती जिल्ह्यातील ‘विश्राम’ प्रकल्पात गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी काम केले, तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. राज्य शासनाचा ‘प्रेरणा’ प्रकल्पही शेतकरी कुटुंबांच्या समुपदेशनासाठीच आहे. श्याम पेठकर यांच्या ‘तेरवं’ या नाटकात अशा विधवा स्वतः रंगमंचावर आल्या; चारचौघांत बोलता येणे हाही उपचारच आहे.

शोक असह्य झाल्यास, किंवा स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असल्यास, ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर चोवीस तास बोलता येते.