कात्रजचे पाणी आणि शीलाची घडण

पुण्याच्या दक्षिणेस, कात्रज घाटाच्या पायथ्याशी असलेला तलाव इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, इ. स. १७४९ च्या सुमारास, ही योजना हाती घेण्यात आली. डोंगरउतारावरून येणारे पावसाचे पाणी बांध घालून अडवले गेले आणि तेथून भूमिगत दगडी नळाने ते शनिवारवाड्यात व पेठापेठांतील हौदांत खेळवले गेले. माणूस आत उतरून साफसफाई करू शकेल इतका तो नळ प्रशस्त होता. कोणतेही यंत्र नव्हते. केवळ जमिनीच्या उताराचा आधार होता. ठरावीक अंतरावर उच्छ्वास बांधलेले होते. तेथे पाणी क्षणभर विसावे, गाळ तळाशी बसे, कोंडलेली हवा बाहेर पडे आणि निवळलेले पाणी पुढच्या टप्प्याकडे वाहू लागे.

ख्रिस्ती शीलाच्या घडणीचा विचार करताना ही रचना आम्हांला फार बोलकी वाटते. शील एका दिवसात घडत नाही. संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात प्रीती, सहनशीलता, ममता, सौम्यता, आत्मसंयमन यांना पवित्र आत्म्याची फळे म्हटले आहे. फळ बाजारातून आणता येते, पण ते पिकते झाडावरच, आणि आपल्या वेळेनेच. म्हणूनच ख्रिस्तसभेने प्राचीन काळापासून आत्मपरीक्षणाचे टप्पे योजिले. संत इग्नाती लोयोला यांच्या 'आध्यात्मिक साधना' हा ग्रंथ १५४८ साली रोममध्ये छापला गेला. दिवसातून ठरावीक वेळी थांबून आपल्या अंतःकरणाचा शोध घ्यावा, असा त्यात आग्रह आहे. हा शोध, प्रायश्चित्त संस्कार आणि उपवासकाळ हे ख्रिस्ती जीवनाचे उच्छ्वासच होत. तेथे थांबल्यावाचून गाळ बसत नाही.

शीलाची खरी कसोटी मात्र समाजात लागते. आमच्या इतिहासातील एक जोडी या दृष्टीने मननीय आहे. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. त्यापूर्वीच्या पोर्तुगीज अमलात मंदिरांचा विध्वंस झाला होता, परधर्मीयांवर निर्बंध लादले गेले होते. प्रभूचे नाव ओठांवर आणि सत्तेचा मद मनात, असे ते चित्र होते. ते झाकण्यात अर्थ नाही. पुढे सत्तेचे छत्र गेले, तरी वसईच्या ख्रिस्ती शेतकऱ्या-कोळ्यांची श्रद्धा टिकली.

याच्या बरोबर ५३ वर्षांनी, १७९२ साली, सवाई माधवराव पेशव्यांनी पुण्यातील ख्रिस्ती लोकांच्या उपासनेसाठी जागा दिली. पेशव्यांच्या सैन्यात गोव्याकडील ख्रिस्ती सैनिक चाकरीस होते. नोरोन्या नावाचा अधिकारी त्यांत प्रमुख होता. क्वार्टर गेटजवळचे आजचे सिटी चर्च हे त्या देणगीचे स्मारक होय. ज्या घराण्याने वसईत क्रुसाच्या निशाणाखालील सत्ता उखडली, त्याच घराण्याने आपल्या राजधानीत क्रुसाला जागा दिली. यामागे पेशव्यांचे औदार्य होते, व्यवहारही असेल. परंतु ज्याच्या इमानाची खात्री नाही, त्याला कोणता धनी आपल्या शहरात मंदिर बांधू देईल? तोफांनी जे मिळवले ते तोफांनीच गेले. चाकरीतील निष्ठेने जे मिळाले ते आजही उभे आहे.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. नळ कितीही उत्तम बांधला तरी पाणी नळाचे नसते. ते आभाळातून येते. आपले सद्गुण ही आपली कमाई नव्हे, ते कृपेचे दान आहे. आपल्या हाती असते ते एवढेच: उतार राखणे, उच्छ्वास उघडे ठेवणे आणि गाळ वेळेवर उपसणे.

आज कात्रजचा परिसर दाट वस्तीने वेढला आहे, आणि पुणेकरांची तहान आता दुसरी धरणे भागवतात. तलावात सांडपाणी मिसळू लागले की पूर्वजांचा सुरेख नळही निरुपयोगी ठरतो. धर्मग्रामाचेही तसेच आहे. जुनी मंदिरे, सण, मिरवणुका हा वारसा आहे खरा. पण कुटुंबातील सायंप्रार्थना बंद पडली, व्यवहारात लबाडी शिरली आणि शेजाऱ्याशी अबोला धरला गेला, तर त्या नळातून वाहणार तरी काय? पेशवाईतील त्या सैनिकांनी आपल्या वागणुकीने मिळवलेला विश्वास आम्ही पुढच्या पिढीच्या हौदापर्यंत निर्मळ पोहोचवावा, यासाठी प्रभू आम्हांस धीर व चिकाटी देवो.