मोडशी : एका रोगनामाचा विचार

वाशीम जिल्ह्यातील शेलूबाजार या गावाच्या नावातच बाजार आहे. जेथे चार गावची माणसे जमत व एकाच पाणवठ्याचे पाणी पीत, तेथे पटकीला, म्हणजे कॉलऱ्याला, वाट मिळे. बाजार आणि यात्रा यांची या रोगाशी सांगड पडली ती यामुळेच. वऱ्हाडात त्याची देवता मरीमाय. ‘मरी’, ‘महामारी’, ‘जरीमरी’ ही नावे मरणाचा निर्देश करतात. रोग शरीराचे काय करतो, हे ती सांगत नाहीत. ‘मोडशी’ हे जुने नाव मात्र ते सांगते. संस्कृत ‘विषूचिका’ही सुयांच्या टोचणीवरून आलेले मानतात, पण ती केवळ वेदना झाली.

गोव्यात १५६३ साली छापलेल्या ग्रंथात गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने एतद्देशीयांचा शब्द ‘मोर्शी’ असा नोंदविला आहे. मूर्धन्य ‘ड’ त्याच्या कानास ‘र’ भासला असावा. पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचे ‘मोर्देशी’ झाले, आणि फ्रेंचांनी तर ‘मॉर द शियँ’, म्हणजे ‘कुत्र्याचे मरण’, करून टाकले! यूल व बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या कोशात मूळ ‘मोडणे’ या क्रियापदात दाखविले आहे. ते मान्य करण्यास हरकत दिसत नाही.

शरीर मोडते ते असे. पटकीचे जंतू लहान आतड्यात वाढतात व त्यांच्या विषामुळे तेथील पेशी क्षार आणि पाणी बाहेर टाकू लागतात. तीव्र विकारात तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाते. रक्त दाट होते, नाडी लागेनाशी होते, डोळे खोल जातात, लघवी थांबते, पोटऱ्यांत गोळे येतात. हे विष कलकत्त्यास शंभुनाथ डे यांनी १९५९ साली प्रयोगाने दाखवून दिले. अशा स्थितीतही आतडे साखर शोषू शकते व तिच्यासंगे क्षार आणि पाणी आत घेते. याच आधारावर १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पाजून मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ खाली आणले.

तथापि ऑर्ताची ‘मोर्शी’ म्हणजे निःसंशय आजची पटकीच, असे केवळ शब्दावरून म्हणता येणार नाही. नाव लक्षणांचे आहे, जंतूचे नव्हे. आणि वांती-जुलाबाने मोडणारे शरीर अनेक रोगांत सारखेच दिसते. शिवाय शब्दाचा अर्थही स्थिर राहिलेला नाही. आजच्या मराठीत मोडशी झाली म्हणजे जेवण बाधले, एवढेच. असा मनुष्य दुसऱ्या दिवशी बाजारास जाऊ शकतो.