इंद्रजाल कॉमिक्स

इंद्रजाल कॉमिक्स ही बेनेट, कोलमन आणि कंपनी (टाइम्स ऑफ इंडिया समूह) या संस्थेने मुंबईहून प्रकाशित केलेली चित्रकथा मालिका होती. तिचा पहिला अंक मार्च १९६४ मध्ये निघाला आणि १९९० मध्ये मालिका बंद झाली. या काळात एकूण ८०३ अंक प्रसिद्ध झाले. इंग्रजी, हिंदी, मराठी, बंगाली यांसह अनेक भारतीय भाषांत ती निघत असे.

स्वरूप

मालिकेतील बहुतांश कथा अमेरिकेतील किंग फीचर्स सिंडिकेटच्या वृत्तपत्रीय चित्रमालिकांवर आधारित होत्या. ली फॉक यांनी निर्माण केलेले वेताळ (मूळ नाव फँटम, १९३६) आणि जादूगार मॅन्ड्रेक (१९३४) हे तिचे प्रमुख नायक होत. महाराष्ट्रात वेताळ हे गावाच्या वेशीवरील रक्षक दैवत म्हणून पूर्वापार परिचित असल्याने हे नाव मराठी वाचकांना परके वाटले नाही. पुढे फ्लॅश गॉर्डन, रिप किर्बी, बझ सॉयर आदींच्या कथाही समाविष्ट झाल्या. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी लिहिलेला व गोविंद ब्राह्मणिया यांनी चित्रित केलेला बहादूर हा भारतीय नायक मालिकेत आला. डाकूंच्या प्रदेशात घडणाऱ्या त्याच्या कथांना वाचकांचा चांगला प्रतिसाद मिळाला.

नियतकालिकता

प्रारंभी मासिक असलेली मालिका १९६७ पासून पाक्षिक आणि १९८१ पासून साप्ताहिक झाली. परिणामी एकूण अंकांपैकी निम्म्याहून अधिक अंक अखेरच्या सुमारे नऊ वर्षांत निघाले.

बंद होण्याची पार्श्वभूमी

मालिका बंद होण्याचा विचार करताना पुढील बाबी लक्षात घ्याव्या लागतात.

कथांचा पुरवठा: वृत्तपत्रात रोज तीन-चार चौकटी छापल्या जात असल्याने एक कथा पूर्ण होण्यास काही महिने लागत. त्यामुळे एका नायकाच्या नव्या कथा वर्षाला मोजक्याच उपलब्ध होत, तर साप्ताहिकाला वर्षाला सुमारे ५२ कथा लागत. ही तफावत जुन्या कथा आणि इतर नायक यांच्या आधारे भरून काढावी लागे. कथा ठरावीक पृष्ठसंख्येत बसवण्यासाठी मूळ चौकटी गाळल्याही जात. स्वतःचा म्हणावा असा मोठा नायक बहादूर हा एकच होता.

स्पर्धा: मालिकेच्या प्रारंभकाळात तिच्याशी संबंधित असलेले अनंत पै यांनी १९६७ मध्ये अमर चित्र कथा सुरू केली व १९८० मध्ये टिंकल हे मासिक काढले. डायमंड कॉमिक्स (१९७८) आणि राज कॉमिक्स (१९८६) यांनी भारतीय नायक पुढे आणले. या प्रकाशकांच्या बहुतेक कथा येथेच तयार होत असल्याने त्यांना परदेशी वितरकावर अवलंबून राहावे लागत नसे.

दूरचित्रवाणी: १९८२ पासून दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. जानेवारी १९८७ पासून रामायण व १९८८ पासून महाभारत या मालिकांनी रविवारची सकाळ व्यापली. मुलांच्या फावल्या वेळावरील छापील चित्रकथांची पकड या काळात सैल झाली.

प्रकाशनसमूहाचे धोरण: टाइम्स समूहाची इतर नियतकालिकेही पुढील काही वर्षांत बंद झाली. त्यांत इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया (१९९३) आणि धर्मयुग हे हिंदी साप्ताहिक यांचा समावेश होतो. त्यामुळे इंद्रजालचा शेवट ही केवळ एका चित्रकथा मालिकेपुरती घटना नव्हती. वृत्तपत्रसमूहांनी चालवलेल्या कौटुंबिक वाचनाच्या नियतकालिकांच्या ओहोटीचा तो एक भाग होता.

नंतरचा काळ

१९९० च्या दशकात वेताळ व मॅन्ड्रेक यांच्या कथा डायमंड कॉमिक्सने प्रकाशित केल्या. हे दोन्ही नायक परवान्यावर आणलेले असल्याने मालिका संपल्यावरही ते अन्य प्रकाशकाकडे जाऊ शकले. बहादूर मात्र इंद्रजालमध्येच घडलेला नायक असल्याने मालिका बंद होताच त्याचे नियमित व्यासपीठ नाहीसे झाले. इंद्रजालचे जुने अंक आज संग्राहकांकडून आवर्जून जपले जातात.