पत्ता-रूपांतरण व पारगमन-चाचणी

पत्ता-रूपांतरण : इंटरनेटवरील एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक संगणक चालविण्याची योजना. अशा योजनेच्या आड असलेल्या दोन संगणकांची थेट गाठ घालून देण्यास पारगमन म्हणतात. ते साधेल किंवा कसे, हे कमांड लाइनवरून अजमावता येते.

इंटरनेटची प्रचलित चौथी पत्तापद्धती १९८१ मध्ये निश्चित झाली. तीत पत्ता ३२ द्विमान अंकांचा असल्याने एकूण पत्ते सु. ४२९ कोटींपलीकडे जाऊ शकत नाहीत. मोजक्या संशोधनसंस्थांपुरत्या जालास हा साठा अक्षय वाटला. तो पुरणार नाही हे १९९० नंतर उमगले. मे १९९४ मध्ये केल एगेव्हांग व पॉल फ्रान्सिस यांनी रूपांतरणाचा मसुदा प्रसिद्ध केला. तो तात्पुरता उपाय म्हणूनच मांडलेला होता. भारतात विदेश संचार निगमाने सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली ती त्यानंतर, १५ ऑगस्ट १९९५ रोजी.

मंगळवार पेठ सोलापुरात आहे, पुण्यात आहे आणि कोल्हापुरातही आहे. गावाच्या नावावाचून तेवढ्या पत्त्यावर पत्र पोहोचत नाही. ‘१९२.१६८.१.५’ हा खाजगी पत्ताही असाच असंख्य घरांत एकाच वेळी वापरात असतो. राउटर बाहेर जाणाऱ्या संदेशावरील खाजगी पत्ता काढून आपला सार्वजनिक पत्ता व एक पोर्ट क्रमांक घालतो, त्याची नोंद ठेवतो आणि आलेले उत्तर त्या नोंदीबरहुकूम आत पोहोचवितो. बाहेरून आपण होऊन आलेल्या संदेशाची नोंद नसल्याने तो टाकून दिला जातो. संकेतस्थळे पाहणाऱ्यास याची झळ लागत नाही. दूरध्वनी, खेळ व कॅमेरे यांस मात्र लागते.

यावरील युक्ती डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये वर्णन केली. दोन्ही टोके तिसऱ्या सर्व्हरकडून परस्परांचे बाह्य पत्ते मिळवितात व एकाच सुमारास एकमेकांकडे संदेश धाडतात. त्यामुळे दोन्ही राउटरांत नोंदी उघडतात. ब्रायन फोर्ड, पैडा श्रीसुरेश व केगेल यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ही युक्ती यूडीपी पद्धतीत सु. ८२ टक्के व टीसीपी पद्धतीत सु. ६४ टक्के रूपांतरकांवर चालू शकेल, असे आढळले.

चाचणीची ‘स्टन’ ही पद्धती मार्च २००३ मध्ये प्रमाणित झाली. तीत रूपांतरकांचे चार प्रकार मानले होते. प्रत्यक्ष उपकरणे त्या चौकटीत बसेनात, म्हणून २००८ च्या आवृत्तीत हे वर्गीकरण सोडून दिले गेले. त्याच आवृत्तीतील आणखी एक सुधारणा मोठी बोलकी आहे. काही राउटर संदेशाच्या पोटात दिसलेला पत्ताही बदलून टाकीत; तेव्हा उत्तरातील पत्ता एका ठराविक संख्येशी मिसळून, ओळखू येणार नाही अशा रूपात पाठविण्याचे ठरले. अतिशहाण्या यंत्रापासून सत्य लपविण्याची ही तजवीज होती.

चाचणी करणारा लहानसा प्रोग्रॅम आपल्या एकाच पोर्टवरून सर्व्हरच्या दोन निरनिराळ्या पत्त्यांस विचारणा करतो. दोन्ही उत्तरांत बाह्य पत्ता व पोर्ट तेच आले, तर थेट गाठ बहुधा जमते. पोर्ट दर वेळी बदलला, तर ‘टर्न’ या २०१० मध्ये प्रमाणित झालेल्या पद्धतीने मध्यस्थ सर्व्हरमार्फत सारी वाहतूक न्यावी लागते. तिचा खर्च कोणाला तरी सोसावा लागतो.

आशिया-पॅसिफिक विभागातील मुक्तपणे वाटण्याजोगे पत्ते १५ एप्रिल २०११ रोजी सरले आणि सेवा-कंपन्यांनी आपल्या पातळीवर आणखी एक रूपांतरण बसविले. त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये ‘१००.६४’ ते ‘१००.१२७’ या आरंभाचे सु. ४२ लाख पत्ते राखून ठेवण्यात आले. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतला एखादा यंत्रमागधारक कारखान्यातील कॅमेरा घरून पाहू इच्छितो, तेव्हा राउटरवर पोर्ट उघडूनही चित्र दिसत नाही, ते अनेकदा यामुळे. राउटरला मिळालेला बाह्य पत्ता आणि स्टनच्या उत्तरातील पत्ता ताडून पाहिल्यास उलगडा होतो : दोन्ही भिन्न असतील, तर वर दुसरा रूपांतरक आहे. मग जादा पैसे देऊन स्थिर पत्ता घ्यावा, नाही तर आपल्याच मागांचे चित्र परक्या सर्व्हरमार्फत पाहावे, असे पर्याय उरतात. एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक असल्याने गुन्ह्याच्या तपासातही केवळ पत्ता पुरत नाही. पोर्ट व अचूक वेळही लागते. ती नसल्यास निरपराध व्यक्तीवर संशय जाण्याचा धोका असतो.

१२८ द्विमान अंकांच्या सहाव्या पत्तापद्धतीत रूपांतरणाची गरज पडत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची व्यापारी सेवा सुरू झाल्यावर भारतात तिचा प्रसार झपाट्याने झाला. तरीही राउटरमधील संरक्षक भिंत बाहेरून आपण होऊन आलेला संदेश सामान्यतः अडवितेच. त्यामुळे दोन्ही टोकांनी एकाच सुमारास संदेश धाडण्याची जुनी युक्ती तेथेही वापरली जाते.